गाण्याची स्पर्धा संपल्यावर: दुसरं बोलावणं कसं मिळवायचं

गेल्या महिन्यात जिंतूरहून एका मुलीच्या वडलांचा फोन आला. मुलगी एका वाहिनीवरच्या स्पर्धेत शेवटच्या आठांत जाऊन परत आली होती. "ताई, सत्कार झाले, मिरवणूक झाली. आता पुढं काय करावं, काही समजंना झालंय." असे फोन मला दर वर्षी येतात, कारण २०१० साली मीही अशीच परत आले होते. एकोणीस वर्षांची होते. गंगाखेडपासून आमच्या गावापर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली होती. तेव्हा मतं एसएमएसने जायची आणि गावातल्या पोरांनी वर्गणी काढून रिचार्ज मारले होते. फोनवर अर्ध्या तासात सगळं सांगून होत नाही, म्हणून अशा स्पर्धेतून परत आलेल्या प्रत्येकीसाठी एकदा नीट लिहून ठेवते.

त्या दिवाळीपासून मी एक लाल वही ठेवते. कार्यक्रम कुठे झाला, कोणी बोलावलं, किती मिळाले, कोणती गाणी झाली, कोणत्या पट्टीत. शेवटचा रकाना मोकळा सोडते. त्याच गावाने किंवा त्याच माणसाने परत बोलावलं, तर त्यात तारीख लिहिते. पहिल्या वर्षी एकेचाळीस कार्यक्रम झाले आणि शेवटच्या रकान्यात तीन तारखा पडल्या. बाकीची अडतीस बोलावणी टीव्हीला आलेली होती. मला आलेली तीनच.

स्पर्धेतला चेहरा लोकांच्या लक्षात वर्षभर, फार तर दीड वर्ष राहतो. पुढचं पर्व सुरू झालं की नवी मुलं येतात, आणि ती यायलाच पाहिजेत. तोवर तुझ्या वहीतल्या शेवटच्या रकान्यात तारखा पडायला लागल्या पाहिजेत. मी खाली जे सांगतेय ते सगळं त्या एका रकान्यासाठी आहे.

आधी करार काढून वाच

सत्काराचे हार सुकायच्या आत हे काम कर. स्पर्धेच्या वेळी सही केलेला कागद घरात कुठेतरी असतो, किंवा नसतोच. नसेल तर ईमेल करून प्रत मागून घे. माझी सही चित्रीकरणाच्या आदल्या रात्री झाली होती. वाचायला वीस मिनिटं मिळाली होती आणि भाषा इंग्रजी. त्यात लिहिलं होतं की दोन वर्षं माझे सगळे कार्यक्रम वाहिनीमार्फतच ठरतील. मला ते कळलंच नाही. सेलूच्या एका मंडळाच्या कार्यक्रमाची सुपारी मी परस्पर घेतली. महिन्याभरात पत्र आलं. इसाराचे दहा हजार मंडळाला परत करावे लागले तेव्हा माझ्या वडलांनी, अण्णांनी, सोसायटीतून उचल घेतली होती.

तुझ्या जिल्ह्याच्या कोर्टातल्या एखाद्या वकिलाला तो कागद दाखव. त्यांना चार गोष्टी विचार. मुदत किती आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची: निवड झाली तेव्हापासून, की शेवटचा भाग दाखवला तेव्हापासून? कार्यक्रमाच्या पैशात वाहिनीचा हिस्सा किती टक्के? दुसरीकडे रेकॉर्डिंग करता येतं का? आणि लहान स्थानिक कार्यक्रमांना परवानगी कशी मागायची? शेवटचा प्रश्न फार उपयोगाचा आहे. मी पुढे लेखी विनंती पाठवत गेले आणि तीनदा परवानगी मिळाली. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर सही आई-वडलांची असते, तेव्हा वाचायची जबाबदारीही त्यांचीच.

याच काळात सत्काराची, उद्घाटनाची आमंत्रणं येतात. जा, पण गाणं म्हणू द्या, अशी अट घाल. दोनच म्हण, पेटीवर म्हण. नुसती शाल घेऊन आलेल्या ठिकाणाहून मला कधी दुसरं बोलावणं आलं नाही.

अडीच मिनिटं आणि अडीच तास

सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे. स्पर्धेतलं गाणं कापून दोन-अडीच मिनिटांचं केलेलं असतं. मागे उत्तम वादक बसलेले असतात, पट्टी ठरवून द्यायला जाणकार माणूस असतो, आणि चार दिवस एकाच गाण्याची तालीम होते. मैदानावर अडीच तास असतात. वारा माइकमध्ये शिरतो, जनरेटर घुमत असतो, शेजारच्या गल्लीत दुसऱ्या मंडळाचा ढोल चालू असतो.

मानवतला गणपतीत माझा पहिला मोठा कार्यक्रम होता. स्पर्धेत गायलेली नऊ गाणी मी तशीच घेऊन गेले. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा. स्पर्धेत टाळ्या मिळायच्या त्या तार पंचमाला, म्हणून सगळी गाणी वर चढणारीच निवडलेली. पाचव्या गाण्याला आवाज फाटला. मग फर्माइशी सुरू झाल्या: गवळण म्हणा, एखादं भीमगीत होऊ द्या, लावणी म्हणा. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. सव्वा तासात कार्यक्रम आटोपला. अध्यक्ष नम्रपणे म्हणाले, "छान झालं ताई." परत त्यांचा फोन आला नाही. त्यांचं बरोबरच होतं.

त्यानंतर दीड वर्षात मी साठ गाणी बसवली. तूही साठ बसव. नुसती पाठ नकोत, सगळी अंतऱ्यांसकट. प्रत्येकापुढे तुझी पट्टी लिही. मूळ गायिकेची पट्टी तुला बांधील नाही. अर्धा स्वर खाली घेतलं म्हणून गाणं लहान होत नाही. आपल्या मराठवाड्यात गायचं असेल तर त्या साठांत काय काय हवं ते सांगते. अभंग आणि गवळणी किमान पंधरा. भीमगीतं दहा तरी, आणि ती शब्द समजून, कारण समोरच्या माणसाला प्रत्येक ओळ पाठ असते. गोंधळ आणि देवीची पदं. जुनी भावगीतं. हिंदी-मराठी चित्रपटगीतं. आणि गझल. गझल सोडू नकोस. वली आणि सिराज हे जुने शायर ज्या गावात वाढले त्या छत्रपती संभाजीनगरात आणि नांदेडात उर्दू कळणारा श्रोता पुढच्या रांगेत बसतो, आणि 'ख़', 'ग़', 'ज़' नीट आला की त्याची मान हलते. मी नांदेडच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे चार महिने फक्त उच्चार शिकायला गेले होते.

क्रम लावताना पहिलं गाणं मध्य सप्तकातलं ठेव. गळा तापलेला नसतो आणि साउंडवाल्याला तुझा आवाज अजून सापडलेला नसतो. चढं गाणं चौथ्या क्रमांकाला, दुसरं नवव्या-दहाव्याला. त्यामागे निवेदकाला चार मिनिटं दे आणि तेवढ्या वेळात कोमट पाण्याचे दोन घोट घे. बोलू नकोस.

साउंडवाल्याशी बोलणं हा रियाजाचाच भाग समज. कार्यक्रमाच्या एक तास आधी पोच. त्यांना नावाने हाक मार, सोबत चहा घे, मग सांग की इको कमी ठेवा, माझा आवाज माझ्या पुढच्या मॉनिटरमध्ये द्या. स्वतःचा माइक घेऊन जा. मी शुअरचा एसएम ५८ बारा वर्षं वापरतेय. पडतो, धूळ खातो आणि तरी चालतो. आपलाच माइक असला की तोंडापासून किती लांब धरायचा ते हाताला ठाऊक होतं.

आणि ट्रॅकशिवाय, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या संगीताशिवाय, गायला शीक. पूर्णा तालुक्यातल्या एका गावात हरिनाम सप्ताहाच्या सांगतेला मला बोलावलं होतं. दुसऱ्याच गाण्याला वीज गेली, जनरेटर चालू होईना. कीबोर्ड बंद, माइक बंद. अण्णा सोबत होते. ते वर्षानुवर्षं सप्ताहांत पेटीची साथ करायचे. त्यांनी देवळातली पेटी ओढून घेतली, टाळकरी उभे राहिले आणि मी जनाबाईचे अभंग सुरू केले. गंगाखेड जनाबाईचं, लहानपणापासून कानावर पडलेले ते अभंग मी स्पर्धेत एकदाही गायले नव्हते. वीज यायला पाऊण तास लागला. आल्यावर लोक म्हणाले, राहू द्या, असंच चालू द्या. त्या गावाची तारीख माझ्या वहीत तेव्हापासून दर वर्षी आहे, कोरोनाची दोन वर्षं सोडून.

आपल्याकडचं वर्ष कसं चालतं

मुंबई-पुण्याच्या गायकांचं वर्ष वेगळं असतं. आपलं वर्ष शेतीवर चालतं, हे मला उशिरा कळलं. पेरणीच्या दिवसांत, जून-जुलैत, कोणाच्या हातात पैसा नसतो आणि कोणाला वेळही नसतो. श्रावणात सप्ताह सुरू होतात. मग गणपती. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शाळा, नगरपालिका, महाविद्यालयं देशभक्तिपर गाण्यांचे कार्यक्रम ठेवतात. नवरात्रात तुळजापूर, माहूर, अंबाजोगाईकडे देवीची गाणी. सोयाबीन बाजारात गेलं की दिवाळी पहाट आणि लग्नसराई. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाणांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास अंबाजोगाईचा समारोह असतो. तिथला श्रोता फार तयार आहे, गायची संधी मिळाली नाही तरी ऐकायला जा. १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन, आणि एप्रिल जवळजवळ सगळा आंबेडकर जयंतीचा.

हे सगळं एका कागदावर काढ आणि प्रत्येक दिवसाच्या चार महिने आधी संबंधित मंडळाला, महाविद्यालयाला, समितीला एक पान पाठव. त्यावर तुझं नाव, शिक्षण, काय गातेस, सोबत किती वादक, किती वेळाचा कार्यक्रम, एक फोन नंबर आणि एका विनाकापलेल्या, प्रत्यक्ष कार्यक्रमातल्या गाण्याची लिंक. स्पर्धेतली चित्रफीत पाठवू नकोस. ती त्यांनी पाहिलेली असते.

पाऊस नसला की हा कागदच फाटतो. २०१२-१३ च्या दुष्काळात मंडळांनी वर्गणीतून टँकर आणले, कार्यक्रम रद्द केले, आणि ते योग्यच होतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात लातूर भागातली माझी एकही तारीख टिकली नाही. २०२० मध्ये तर सगळंच थांबलं. म्हणून चांगल्या वर्षी प्रत्येक कार्यक्रमातले वीस टक्के वेगळ्या खात्यात टाक, सहा महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत. मी हे २०१३ नंतर सुरू केलं. आधी केलं असतं तर माझी सोन्याची पोत मोडावी लागली नसती.

पैशाचं बोलणं

माझ्या आईला मी पैशाचं बोललेलं आवडायचं नाही. "गाण्याचे पैसे मागायलीस का लोकाला?" म्हणायची. पण ज्याने ठरवून पैसे दिले तो कार्यक्रमाची तयारीही नीट करतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एक हिशेब उघडा करून सांगते. साठ हजारांना कार्यक्रम ठरला. कीबोर्ड पाच, ढोलकी आणि तबला चार-चार, बासरी चार, निवेदक तीन: झाले वीस. गाडी आठ, जेवणखाण आणि टोल दोन. म्हणजे खर्च तीस आणि हातात तीस. बोलावणारी संस्था असेल तर पूर्ण साठ हजारांवर दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. सहा गेले, राहिले चोवीस. ते सहा हजार बुडत नाहीत. तुझ्या पॅनवर जमा होतात आणि वर्षाचा कर तेवढा होत नसेल तर आयकराचं विवरणपत्र भरून परत मिळतात. मी पहिली तीन वर्षं विवरणपत्र भरलंच नाही आणि ते पैसे सोडून दिले. तू सोडू नकोस. जीएसटीची भीतीही धरू नकोस. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखाच्या आत असेल तर त्यावर जीएसटीची सूट आहे.

अर्धी रक्कम इसार म्हणून आधी घे. उरलेली मंचावर चढायच्या आधी. सगळं बोलणं फोनवर झालं तरी नंतर व्हॉट्सअॅपवर लिहून पाठव: तारीख, वेळ, रक्कम, गाडी कोणाची, मुक्काम कुठे, सोबत किती माणसं. मुलींनी आणखी दोन ओळी घालायच्या. मुक्कामाला बाईमाणसांसाठी वेगळी खोली हवी, आणि रात्री परतायचं असेल तर ड्रायव्हर मंडळाचा नसून आपला असेल. या दोन ओळींवरून कोणी बोलावणं रद्द केलं तर तिथे जायचं नव्हतंच. वेळेचंही आधी ठरव: रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. शासनाने वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट दिलेली असते, पण ती त्या दिवशी आहे का हे मंडळाने पोलीस ठाण्यात विचारून ठेवायचं असतं. आठला ठरलेला कार्यक्रम भाषणांमुळे साडेनऊला सुरू झाला, तर तुझ्या वाट्याला अर्धा तास येतो आणि नाव तुझं खराब होतं. म्हणून भाषणं आधी संपवा, असं मी लिहूनच घेते.

वादकांचे पैसे त्याच रात्री द्यायचे. तुला मिळाले नसले तरी. माझ्या ढोलकीवाल्या दादांना एकदा मी पंधरा दिवस थांबवलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या गणपतीत ते दुसऱ्या गायिकेबरोबर गेले. तीन वर्षांनी परत आले. चांगला वादक सोबत असणं म्हणजे अर्ध्याहून जास्त कार्यक्रम.

दोन ठिकाणी मी पैसे घेत नाही: आमच्या गावचा सप्ताह आणि माझी शाळा. तूही अशी एक-दोन ठिकाणं ठरव आणि बाकी कुठेही फुकट जाऊ नकोस.

गळा

आई-वडलांनी हे वाचावं. तुमचा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असेल आणि टीव्हीवर उंच स्वरात गाऊन घरी आला असेल, तर पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याचा आवाज फुटणार आहे. त्या काळात त्याला जुनीच गाणी जुन्याच पट्टीत गायला लावू नका. कार्यक्रम कमी करा, पट्टी खाली आणा, काही महिने नुसती पेटी किंवा तबला शिकू द्या. लोक म्हणतील, "आवाज गेला की हो पोराचा." गेलेला नसतो, बदलत असतो. मराठी 'सारेगमप'च्या छोट्या मुलांच्या ज्या पर्वाने २००८-०९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राला वेड लावलं, त्यातली कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि आपल्या लातूरचा रोहित राऊत ही पाच मुलं २०२१ मध्ये त्याच स्पर्धेच्या परीक्षकांच्या खुर्चीत बसली. मधे बारा वर्षं गेली. तुमच्या मुलालाही तेवढी द्या.

माझं स्वतःचं २०१४ मध्ये झालं. जयंतीच्या महिन्यात सतरा कार्यक्रम घेतले, धूळ, रात्रीचा प्रवास, गाडीच्या उघड्या खिडक्या. आवाज बसला. गुळण्या, ज्येष्ठमध, काढा असं करत सहा आठवडे काढले. शेवटी नांदेडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं तर स्वरतंतूंवर बारीक गाठी. तीन आठवडे मौन, मग बोलायचे व्यायाम, आठ तारखा रद्द. शस्त्रक्रिया टळली ती केवळ वेळेत गेले म्हणून, आणि आणखी लवकर जायला हवं होतं. आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर डॉक्टरकडे जा. बसलेल्या आवाजात कुजबुजू नकोस. त्याने ताण आणखी वाढतो. पहाटे खर्जाचा रियाज वीस मिनिटं, कार्यक्रम असो नसो. आणि सलग तीन दिवस तारखा घेऊ नकोस, कोणी कितीही दिले तरी.

स्वतःचं गाणं

दुसऱ्यांची गाणी गाऊन पोट भरतं, पण ती गाणी ऐकायला लोक कोणालाही बोलावू शकतात. तुलाच बोलवावं लागेल असं काहीतरी तुझ्याकडे हवं. मला ते जनाबाईत सापडलं. २०१५ पासून मी तिच्या अभंगांना स्वतः चाली लावतेय. आतापर्यंत बावीस झाल्या. त्यातल्या सात-आठच चांगल्या आहेत, पण त्या सात-आठांसाठी आता फोन येतात.

यात एक व्यवहाराची सोय आहे. संतांच्या रचनांवर कोणाचा कॉपीराइट नाही. शब्द मोकळे आहेत. पण त्यांना आधुनिक संगीतकाराने लावलेली चाल मोकळी नसते; संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं तिच्यावर हक्क असतो. म्हणून शब्द जनाबाईचे आणि चाल तुझी, असं असेल तर गाणं पूर्ण तुझं. आणखी एक खाण आपल्या घरात आहे: जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. तुझ्या आजीला विचार, मावशीला विचार, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. आणि मंचावर म्हणशील तेव्हा ज्या बाईकडून ऐकलीस तिचं नाव घे.

रेकॉर्डिंगला फार खर्च करू नकोस. संभाजीनगरात, लातुरात, नांदेडात आता चांगले स्टुडिओ आहेत. तबला, पेटी, एखादी बासरी, खरे वादक. यूट्यूबवर दुसऱ्याचं गाणं टाकलंस तर बहुधा त्यावर मूळ कंपनीचा दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जातात. दावा म्हणजे शिक्षा नव्हे, घाबरू नकोस. पण मूळ ट्रॅक न विचारता वापरलास आणि कंपनीने तो हटवायला लावला तर स्ट्राइक लागते, आणि तीन स्ट्राइकना चॅनेल बंद होतं. स्वतःच्या चालीची गाणी असतील तर संगीतकार म्हणून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं सभासदत्व घे. गायक म्हणून मिळणाऱ्या हक्कांसाठी इसाम्रा ही गायक-वादकांची संस्था आहे. २०१२ च्या कायदादुरुस्तीने हे हक्क पक्के केले आहेत. कोणी कागद पुढे करून "सगळे हक्क कायमचे देत आहे" असं लिहून मागितलं तर सही करायच्या आधी पुन्हा त्याच वकिलाकडे जा.

शिकणं, शिकवणं आणि मुंबई

स्पर्धेतून आल्यावर मी गुरुजींकडे आठ महिने गेले नाही. मग गेले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, तानपुरा लावला आणि यमनचा आलाप धरायला सांगितला. मला दहा मिनिटं स्थिर षड्ज लावता आला नाही. संगीताची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली होती. तिथून विशारद व्हायला आणखी चार वर्षं लागली. तू ज्या परीक्षेवर थांबलीस तिथून परत सुरू कर. वय १८ ते २५ मध्ये असेल आणि गुरूकडे पाच वर्षं शिकून झाली असतील तर केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती आहे, महिना पाच हजार, दोन वर्षं. अर्ज सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक संस्थेकडे करायचा. आकाशवाणीची स्वरचाचणी दे. परभणी केंद्रावर मी सुगम संगीताची दोनदा दिली, दुसऱ्यांदा बी ग्रेड मिळाली. पैसे थोडे, पण तिथे ट्रॅक नसतो, प्रकाशझोत नसतो, फक्त आवाज ऐकला जातो.

क्लास लवकर सुरू कर. माझ्याकडे चाळीस मुलं येतात. दुष्काळात आणि कोरोनात घर याच्यावर चाललं. एक काळजी घे: लहान मुलांच्या पट्टीत दिवसभर गाऊन दाखवू नकोस, तुझा गळा जाईल. मोठ्या मुलींतली एक पुढे बसव, ती गाऊन दाखवेल.

मुंबईला जावं का, हे सगळे विचारतात. अरिजित सिंग २००५ च्या स्पर्धेत जिंकले नव्हते. त्यानंतर त्यांनी कितीतरी वर्षं संगीतकारांच्या हाताखाली प्रोग्रॅमिंगचं काम केलं आणि नाव झालं ते २०१३ मध्ये. आपला रोहित लहानपणच्या यशानंतर पुन्हा हिंदीच्या स्पर्धेत उतरला आणि २०२० मध्ये उपविजेता झाला. दोघांच्याही मधल्या वर्षांकडे बघ. मुंबईला जायचं तर स्टुडिओतलं काम शिकायला जा. कोरस गा, स्क्रॅच (मुख्य गायकाआधीचं कच्चं गाणं) गा, कीबोर्ड आणि रेकॉर्डिंग शिक. सहा महिन्यांचं भाडं जवळ असू दे. मी २०१३ मध्ये पाच महिने राहिले, कोरस गायले, अण्णांच्या आजारपणामुळे परत आले. त्या पाच महिन्यांत हेडफोन लावून गायला शिकले, ते आजही कामाला येतं.

जिंतूरच्या त्या वडलांना मी येत्या रविवारी गंगाखेडला बोलावलं आहे. सांगितलं आहे की मुलीला घेऊन या. सोबत करार आणा. ट्रॅकचा पेनड्राइव्ह घरी ठेवा, पेटी माझ्याकडे आहे. आणि दहा गाणी कागदावर लिहून आणायला सांगा, स्पर्धेत न गायलेली, प्रत्येकापुढे तिची स्वतःची पट्टी.